तीन किल्ल्या

बावीस वर्षं स्टोअरची किल्ली माझ्या कमरेला होती.
साडीला तिथं गंजाची रेघ पडते,
धुऊन जात नाही.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा चटईचा कारखाना,
पत्र्याचं छप्पर, चोवीस माग.
मे महिन्यात पत्रा इतका तापतो
की कावळा टेकत नाही, नुसता वरून जातो.

पूर्वी प्लास्टिकच्या दाण्याचा दर महिन्याला बदलायचा,
मग आठवड्याला,
गेल्या उन्हाळ्यात तर पहिल्या चहाला एक, दुसऱ्या चहाला एक.
त्यात दुबईचा माल बंदरावरून परत आला.
दोन हजार चटया, लाल-हिरव्या,
गुंडाळून भिंतीला उभ्या,
लग्न मोडल्याचं अजून कुणी न सांगितलेल्या वऱ्हाडासारख्या.

आमचे मालक चुडामण राणे
तीन दिवस काचेच्या केबिनमध्ये बसून राहिले.
चौथ्या दिवशी केबिनच विकली.
काच, ॲल्युमिनियम, एसी, भंगारवाल्यानं उभ्या उभ्या तोललं.
मग भिंतीवरचा हुद्द्यांचा तक्ता उतरवला:
वर जनरल मॅनेजर, खाली मॅनेजर, त्याखाली सुपरवायझर,
अगदी तळाला, नाव न घालता, 'कामगार'.
तक्त्यामागे चुना अजून पांढरा होता.

म्हणाले, लाल रंग संपला
हे मागावरच्या माणसाला नऊला कळतं,
मला कळतं परवा.
दर काही परवापर्यंत थांबत नाही.

आठ-आठ मागांचे तीन गट पाडले.
ज्याचा गट त्याची ऑर्डर, त्याचा रंग,
फायद्यात वाटा, तोट्याची झळही त्यालाच.
एरंडोलचा गुलाब महाजन उभाच राहिला:
"आते कसं करानं, भाऊ?"
"मलाही ठाऊक नाही," राणे म्हणाले.
मालकाच्या तोंडून हे वाक्य
मी पहिल्यांदा ऐकलं.
वर पंखा तेवढा फिरत राहिला.

मला पाठवलं अजिंठा चौफुलीला
माझ्याच किल्लीच्या तीन प्रती करायला.
कानस चालत होती,
पितळेचा कीस माझ्या चपलेवर पडत होता.
किल्लीवाला म्हणाला, मूळची जपून ठेवा, ताई.
मी म्हटलं, कशाला?

भारंबे सुपरवायझर गेले.
आता पाइपच्या दुकानात काउंटरवर असतात,
मी दिसले की पावतीपुस्तकात मान घालतात.
हेही हिशेबात धरायला हवं,
पण कोणत्या खात्यात, ते मला अजून सुचलेलं नाही.

हसीना तडवीच्या गटानं निळा रंग दुप्पट उचलला.
दोन महिने निळं, नुसतं निळं.
सगळे हसले. ती नाही हसली.
चटईची रुंदी अर्ध्यावर आणली, वीण जाड केली,
आणि सावद्याच्या केळीवाल्यांना विकली,
ट्रकमध्ये घडांखाली अंथरायला.
असली चटई आमच्या कोणत्याच यादीत नव्हती.
जुना तक्ता असता तर
सहीसाठी कागद वर चढता चढता
केळी पिकून गेली असती.

आणि मी?
त्या पांढऱ्या चौकोनाला काळा रंग दिलाय.
सकाळी दिल्लीला, सुरतेला फोन लावते,
दाण्याचा दर खडूनं लिहिते, सगळ्यांना दिसेल असा.
बावीस वर्षं जो आकडा
एका ड्रॉवरमध्ये कुलपात राहायचा
तो आता गुलाब डबा उघडण्याआधी वाचतो,
आणि भाकरी मोडता मोडता माझ्याशी भांडतो:
काल घ्यायला हवं होतं, ताई!
मग कालच का नाही बोललास?
मी तरी का नाही बोलले?

संध्याकाळी फळा पुसते.
उद्याची तारीख तेवढी घालून ठेवते,
पुढची जागा मोकळी.
गेटातून निघताना हात आपसूक कमरेला जातो.
काही नसतं तिथं.
घरी येऊन पाहते तर गंजाच्या रेघेशेजारी
खडूची चार बोटं.